'क्या बात है'च्या पुढे काही बोला

महोदय,

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत एखादा परीक्षक कडक बोलला की 'लेकरांचा आत्मविश्वास मारला' अशी ओरड सुरू होते. सांगली-मिरजेत गाणे शिकवणाऱ्या आम्हा मंडळींचे मत उलट आहे. मुलांचे खरे नुकसान 'अंगावर काटा आला' आणि उभे राहून वाजवलेल्या टाळ्या करतात. २०२१ मध्ये 'इंडियन आयडॉल'च्या किशोरकुमार विशेष भागात पाहुणे म्हणून गेलेल्या अमितकुमार यांनी, सगळ्यांचे कौतुक करायला आपल्याला सांगितले होते, असे नंतर जाहीरपणे म्हटले. सुनिधी चौहान यांनीही त्याच वर्षी, आपण या कार्यक्रमाचे परीक्षकपद सोडण्यामागे अशीच अपेक्षा होती, असे सांगितले. मग त्या कौतुकाला किती किंमत द्यायची?

परखडपणाच्या नावाखाली कुणाच्या कपड्यांची, बोलण्यातल्या गावरान हेलाची टिंगल होते, तिची बाजू आम्ही घेत नाही. ती निव्वळ करमणूक. परखड परीक्षक चूक कुठे झाली, कशामुळे झाली आणि रियाजात काय बदलायचे, हे तिन्ही सांगतो. 'छान, पण अजून मेहनत घे' यातून पोराने काय उचलायचे? त्याऐवजी हे ऐका: 'अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत तार षड्ज (वरचा सा) उतरा, म्हणजे हवा त्यापेक्षा खाली लागला. शब्द मध्येच तोडून, खांदे उचलून श्वास घेतलास, म्हणून वर पोचताना दम उरला नाही. श्वास ओळीच्या आधी, पोटातून घे. आणि काळी पाच ही पट्टी तुला चढी होतेय, महिनाभर काळी चारमध्ये गा.' बोलायला अर्धे मिनिटही लागत नाही. बोचते, हे खरे. पण दुसऱ्या दिवशी तानपुरा लावून बसल्यावर हेच हाताशी असते. दुर्दैवाने जाहिरातीत फक्त 'उतरा लागला' एवढेच दाखवतात, कारण आणि उपाय कात्रीत जातात.

प्रेक्षकांना परीक्षक खवट वाटतो, यामागे आणखी एक गोष्ट आहे. त्याच्या कानावर कच्चा आवाज पडतो. आपल्या घरी पोचेपर्यंत तो आवाज ध्वनिमिश्रणातून गेलेला असतो आणि तिथे घसरलेला स्वर सरळ करून घेता येतो. हे काम करणारे ऑटोट्यून सॉफ्टवेअर १९९७ पासून बाजारात आहे. घरी सुरेल ऐकू आलेल्या गाण्याला परीक्षक कणसूर (सुरापासून किंचित ढळलेले) म्हणाला, तर त्याला खोटे ठरवण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे.

कणसूर होण्याचे एक कारण तर घरातच असते. मुले मोबाइलवरचा ट्रॅक लावून पाठ करतात. कीबोर्डवर षड्जापासून शुद्ध गंधार (ग) ४०० सेंटवर असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), तर तानपुऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सुराच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार साधारण ३८६ वर. हा १४ सेंटचा फरक म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा भाग. सिनेगीतात तो खपून जातो. नाट्यपदात गंधारावर न्यास केला, म्हणजे थांबले, की चढा म्हणून खटकतो. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि मिरजेतलीच मुले ट्रॅकवर सूर धरायला शिकतात!

उच्चारांबद्दल तर कुणी बोलतच नाही. हिंदी गाण्यांच्या सवयीने 'चांदणं'मधला च 'चंद्र'मधल्यासारखा येतो, 'ळ'चा 'ल' होतो. मराठी वाहिनीवर तरी हे टोकायला हवे. हरकत (स्वरांची छोटी झटपट सजावट) घेताना लय पळवणाऱ्यालाच सर्वांत मोठी टाळी पडते, हे आणखी एक दुखणे.

गणेशोत्सवात आपल्याकडे गल्लोगल्ली स्पर्धा होतात, तिथे मंडळांनी एवढे जरूर करावे. शंभर गुणांची विभागणी आधीच जाहीर करा: स्वर ३५, लय-ताल २५, शब्दोच्चार १५, दमसास (श्वासावरचा ताबा) १०, भाव १५. वेशभूषेला शून्य. परीक्षक वेगवेगळे बसवा, गुणपत्रिकेवर सही होईपर्यंत आपसात चर्चा नको. दोघांच्या गुणांत पंधराहून जास्त फरक पडला तर ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकवा. प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी द्या, तीत एक जमेची बाजू, दोन चुका आणि एक उपाय लिहिलेला असावा. दहा वर्षांखालच्या मुलाची चूक माइकवरून सांगू नये. त्याला जवळ बोलावून सांगावी, पण पूर्ण सांगावी.

पालक 'तबलजीनेच लय वाढवली' अशी तक्रार करतात, आणि पुष्कळदा ती खरी असते. म्हणून ट्रॅक तर सर्वांना ट्रॅक, साथीदार तर सर्वांना तेच साथीदार, आणि गाण्याआधी पट्टी व लय जुळवायला प्रत्येकाला मिनिटभर वेळ, हे नियमपत्रकातच छापावे.

– काही संगीतशिक्षक, सांगली-मिरज