दर्याला पाठ न दाखवणाऱ्या काकांना

काका,

सप्रेम नमस्कार.

चवथीनंतर लगेच लिहायचं होतं, तुळशीचं लग्न उजाडलं तरी राहूनच गेलं. तोंडावर तुम्ही आभार मानू देत नाही. मी बोलायला लागले की "चहा घेतलास?" विचारता आणि विषय तिथेच मिटवता. म्हणून चारचौघांसमोर लिहिते आहे. नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. गोव्यातल्या आमच्या केरीत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

पंचमीची संध्याकाळ. आमचा दीड दिवसाचा गणपती तेरेखोल नदीच्या मुखाशी पोचवून आम्ही आरतीची ताटं, पाट, वाळू असं गोळा करत होतो. बेळगावहून आलेला माझा सतरा वर्षांचा भाचा आणि त्याचा चुलतभाऊ पाण्यातच रेंगाळले होते. कंबरेइतकंच पाणी, शिवाय तिथे लाटाही फुटत नव्हत्या. दोन्ही बाजूंना फेस उसळत होता आणि मध्ये हा गुळगुळीत पट्टा. माझ्या डोळ्यांना तीच जागा सगळ्यात शांत दिसली. मी ताट पुसत होते, काका. वर पाहिलं तेव्हा मुलांची डोकी एवढीशी झाली होती.

तुम्ही मात्र तोवर सुरूच्या बनातून निघाला होता. तुमची शिट्टी मी आधी ऐकली होती, पण विसर्जनाच्या गलबल्यात ती कोणासाठी आहे हे मला कळलं नाही. नंतर समजलं की मुलं पाण्यात उतरल्यापासून तुमची नजर त्यांच्यावरच होती. जीवरक्षकांची दिवसाची पाळी संपली की तुमची सुरू होते, आणि त्या वेळेला मुखापाशी कोणी उतरलं तर तुम्ही खाली बसत नाही.

माझे मेहुणे शर्ट काढून धावले, तर तुम्ही त्यांच्या छातीवर हात ठेवून त्यांना थांबवलंत. "कोणी उडी मारायची नाही!" त्या क्षणी मला तुमचा राग आला होता, हे कबूल करते. बुडणाऱ्यामागे गेलेला माणूसच आधी बुडतो, हे किनाऱ्यावर किती वेळा घडलं आहे ते मला आता माहीत आहे. तुम्ही उडी मारली नाहीत. पाच लिटरचा बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन, त्याला बांधलेली रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, जुनी दोरी, एवढं घेऊन तुम्ही उलट नदीच्या बाजूला पळत गेलात. मुलांपासून दूर का चालला आहात, ते आम्हाला कळेना. मग कॅन पाण्यात टाकलात आणि प्रवाहाने तो आपसूक त्यांच्याकडे नेला. "ओढीशी भांडू नको! आडवा ये, आडवा!" तुमचा आवाज फाटला होता. भाच्याने कॅन धरला, दुसऱ्याने त्याला धरलं, आणि आठ-दहा माणसांनी दोरी ओढली.

त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही. ताईने मुलांना जवळ घेतलं ते सकाळपर्यंत सोडलं नाही.

नंतर मी अधूनमधून तुमच्याजवळ येऊन बसायला लागले. तेव्हा जे ऐकलं ते आमच्या घरात आता पाठ झालं आहे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची साधारण वेळ निघते. पंचमी म्हणजे पाच, त्याची पाऊणपट पावणेचार. पावणेचारला दर्या भरला, म्हणजे सहाच्या सुमारास ओहोटी ऐन जोरात. वर भाद्रपदातली नदी, डोंगरातलं सगळं पाणी घेऊन त्याच तोंडातून बाहेर पडणारी. भरून आलेलं पाणी ज्या खळग्यातून परत जातं तिथे लाट फुटत नाही, म्हणून ती जागा शांत दिसते. म्हणजे मी ज्या पाण्यावर विश्वास ठेवला तेच मुलांना घेऊन जात होतं. आणि त्यातून सुटायचं तर किनाऱ्याकडे सरळ पोहायचं नाही. तरंगत राहायचं, ओढीतून आडवं बाहेर यायचं आणि मग परतायचं. शाळेत आम्हाला भरती-ओहोटी चंद्राने होते एवढं शिकवलं. किनाऱ्यावरच्या प्रत्येक शाळेने वर्षातून एक तास तुमच्यासारख्यांना वर्गात बोलवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

लोकांना उडी दिसते, तिचे फोटो येतात. मला तुमचे आभार मानायचे आहेत ते बाकीच्या दिवसांसाठी. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या झापांखाली झाकलेल्या असतात, पाऊस आडवा येत असतो आणि किनाऱ्यावर चिटपाखरू नसतं. तरी तुम्ही दोघे-तिघे पाळी लावून बसता. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळ लांबून गेलं, त्यात पौर्णिमा, आणि आभाळ निरभ्र असताना रात्री दर्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, त्या झावळ्यांच्या खानावळींमध्ये, शिरला. त्या रात्री तुम्ही बॅटरी घेऊन झोपलेल्या कामगारांना उठवत फिरलात, हे मला त्यांच्यातल्याच एका मुलाने सांगितलं. तुम्ही कधी बोलला नाहीत.

अनोळखी होडी दिसली की तुम्ही सागरी पोलिसांच्या १०९३ या नंबरला कळवता. एकदा मी विचारलं, रोज कोण येणार आहे इथे? तेव्हा तुम्ही २००८ ची आठवण काढलीत. मुंबईत मच्छीमार नगरात ते दहा अतिरेकी उतरले तेव्हा कोळी माणसांनी त्यांना हटकलं होतं. "आपली होडी आपण आवाजावरून ओळखतो. दुसरी आली तर आपल्यालाच आधी कळणार," एवढंच म्हणालात. आणि मग ते वाक्य, जे मी घरात फळ्यावर लिहून ठेवलं आहे: "दर्याक फाट करची न्हय."

आता थोडं कामाचं. वाड्यावरच्या आम्ही काहीजणींनी वर्गणी काढली आहे. तुम्ही पैसे घेणार नाही म्हणून वस्तूच आणल्या: चार रेनकोट, दोन मोठ्या बॅटऱ्या, शिट्ट्या, पन्नास मीटर नवी दोरी. जुन्या दोरीचे धागे सुटले आहेत, मी पाहिलं आहे. कॅन मात्र तोच ठेवा, भाच्याची तशी विनंती आहे. महिन्याचं भरतीचं वेळापत्रक मी मोठ्या अक्षरात लिहून चहाच्या गाड्यावर आणि फेरीच्या धक्क्यावर लावत जाईन. रविवारी संध्याकाळी तुमच्याबरोबर आमच्यातली एक बसेल. आम्हाला पोहता येत नाही. पण पाहता येतं, शिट्टी वाजवता येते, फोन लावता येतो.

आणि तुम्ही मागितलेली एकमेव गोष्ट. पाहुण्यांना कोकणी कळत नाही, मराठी कळतंच असं नाही, आणि समजावून सांगेपर्यंत ते गुडघाभर पाण्यात गेलेले असतात, म्हणून तुम्हाला त्यांच्या भाषेत ओरडायचं होतं. भाच्याने बेळगावहून कन्नडमध्ये लिहून पाठवलं आहे, मी देवनागरीत उतरवते: "नीरिगे इळियबेडि." पाण्यात उतरू नका. तो म्हणतो, "बेडि" वर जोर द्या, लांबून ऐकू जाईल. तेलुगू वाक्य तो त्याच्या वसतिगृहातल्या मित्राला विचारून कळवणार आहे. रविवारी येते तेव्हा दोन्ही घोकून घेऊ.

तुमची,
दीड दिवसाच्या गणपतीवाल्यांच्या घरची थोरली