हेल राहू दे, गप्प राहू नकोस

फोंडा, गोवा

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

दादाने काल जेवताना सांगितलं. त्याच्यावर चिडू नकोस, चवथीला तू फोनवर धड बोलली नाहीस तेव्हापासून मीच त्याच्या मागे लागले होते. पेशंटच्या मुलीने तुझ्या तोंडावर 'नीट जर्मन बोलणारी नर्स पाठवा' म्हणावं, तू मान हलवून बाहेर यावंस, उरलेली ड्यूटी पुरी करावीस आणि रविवारी आम्हाला सांगावंस, 'सगळं छान, इथे थंडी सुरू झाली.' थंडीचं मी काय करू गं?

उपदेश करायचा नाही असं ठरवून लिहायला बसले आहे. बाबा म्हणाले, तिला सांग की त्या बाईचं मनावर घेऊ नकोस. मी ते सांगणार नाही. मनावर घे, लागलंच असेल. पण लागलं हे कुणालातरी सांग. दादाला सांगितलंस तेही आठवड्याने, आणि तेही 'आईला नको' अशी अट घालून.

जर्मनच्या परीक्षेच्या आधी तू माजघरात फेऱ्या घालत पाठ करायचीस ते आठवतं. 'त्साइट', 'त्सेन' तुला पहिल्याच दिवशी जमलं, कारण तो आपला चमच्यातला च. तो दुसरा 'उ' मात्र छळायचा. ओठ उचे आणि जीभ ईची, असं म्हणत तू मलाही आरशासमोर उभं केलं होतंस. मला अजून येत नाही. मराठीत तो स्वरच नाही. मूल वर्षाचं होईतो त्याचा कान घरातल्या आवाजांना बसतो, बाहेरचे बारीक फरक त्याला मग कमी ऐकू येतात. तू तर ती भाषा नोकरीसाठी, मोठेपणी शिकलीस. हेल राहणारच. जोसेफ कॉनरॅड जन्माने पोलिश, इंग्रजी विशीत शिकला, त्या भाषेतला मोठा कादंबरीकार झाला आणि बोलताना त्याचा पोलिश हेल शेवटपर्यंत गेला नाही. अकरावीच्या मुलांना मी हे दरवर्षी सांगायची. हेल जाड असला तरी बोलणं पूर्ण कळू शकतं. औषधाचं नाव आणि डोस स्वच्छ कळला पाहिजे, तिथे मेहनत घे, हवं तर लिहून दाखव. बाकी त्या लोकांसारखं वाजण्यासाठी जीव आटवू नकोस.

बघ, शाळा भरवलीच. माफ कर.

खरं तर मला माझं सांगायचं होतं. मी मिरजेहून लग्न होऊन आले १९८८ साली. आदल्या वर्षी राजभाषेचा कायदा झाला होता, कोकणी-मराठीच्या वादाची धग अजून होती. घरी पुस्तकं मराठी, आरत्या मराठी, पण बोलणं सगळं कोकणी. 'हांव येतां' मधला तो नाकातला सूर माझ्या तोंडात बसेना. मासळीवाली माझी वाक्यं ऐकून शेजारणीला 'घाटी' म्हणायची, मला ऐकू येईल अशा आवाजात. मग मी बोलणंच कमी केलं. कुणी विचारलं की 'बरें आसा'. राग आला तरी बरें आसा, अंग फणफणलं तरी बरें आसा. सगळे म्हणायचे, सून किती शांत आहे.

मिरजेहून तुझे आजोबा गेल्याची तार आली त्या दिवशीही मी चुलीपुढे बसून नारळ खवत राहिले. इथल्या आजीने माझ्या हातातून आदोळी काढून घेतली आणि म्हणाली, 'रड गो बाय, हांगा सगळीं आपलींच.' तेव्हा मी रडले ते मराठीतून, मिरजेच्या मराठीतून, आणि त्यातलं किती तिला कळलं असेल कोण जाणे. ती बाजूला बसून राहिली. त्यानंतर मी माझ्या मोडक्या कोकणीत तिच्याशी भांडलेसुद्धा. माझा तो सूर अजून बसलेला नाही, तुला माहीतच आहे, तू आणि दादा नक्कल करायचात.

तुझ्याजवळ तिथे बाजूला बसणारं कोण आहे? हे मला रात्री सुचतं. माझ्या घड्याळात दोन वाजलेले असतात, तुझ्या साडेदहा, आणि मी हिशेब करते की आता ड्यूटी संपली असेल, जेवली असेल की नाही. पुन्हा तेच लिहिते आहे, कळतंय मला.

२००३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी वाचला होता. तुर्की मातृभाषा असलेल्या, मागाहून इंग्रजी शिकलेल्या लोकांना शिव्या आणि लहानपणी खाल्लेली बोलणी दोन्ही भाषांत ऐकवली आणि त्वचेवरचे सूक्ष्म बदल मोजले. आपल्या भाषेतल्या बोलण्याने अंग जास्त शहारलं. म्हणून 'मला वाईट वाटलं' हे जर्मनमधून म्हणताना तुला ते पोकळ वाटत असेल, दुसऱ्याच कुणाचं वाटत असेल. तरी म्हण. वॉर्डच्या सिस्टरला सांग, की त्या दिवशी जे झालं ते मला लागलं. व्याकरण चुकू दे, तो 'उ' चुकू दे. आणि घरी आलीस की आम्हाला कोकणीत, मराठीत, जे तोंडात येईल त्यात सांग.

कवळ्याला शांतादुर्गेच्या देवळात कुणी विचारलं की बाबा मुद्दाम सावकाश उच्चारतात, 'स्टुटगार्ट'. दोनदा सांगतात. जर्मनची बी२ परीक्षा पास झालीस तो कागद त्यांनी माझ्या लग्नाच्या पेटीत ठेवलाय, वर आजीची शाल. तू कोणत्या हिमतीने गेलीस ते आम्हाला ठाऊक आहे. पण हिंमत आहे म्हणून सगळं आत गिळायचं असं नाही ना?

तू दिवसभर लोकांना विचारतेस, दुखणं शून्य ते दहामध्ये किती. या रविवारी मी तोच प्रश्न विचारणार आहे. आकडा सांग. चार म्हणालीस तर मी सहा धरीन, मला तुझा हिशेब माहीत आहे. रडू आलं तर येऊ दे, कॅमेरा बंद करू नकोस.

तुझी
आई

ता. क. मावशीच्या शेजाऱ्यांचा मुलगा पुढच्या आठवड्यात म्युनिकला निघतोय. त्याच्याकडे सोलां (आमसुलं), तिरफळं आणि तुझी लोकरीची बनियनं दिली आहेत. सोलां पिशवीतून काढून लगेच बरणीत भर, नाहीतर ओल धरतील.