पातळी कुणी ठरवली?

कोल्हापूर,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय संज्या,

परवा फोनवर हसलास. 'रंकाळ्यावर बसून तत्त्वज्ञान? फौंड्रीवाल्यानं?' तेव्हा चटकन काही सुचलं नाही, म्हणून आता कागद घेऊन बसलोय. बायको दोनदा डोकावून गेली, कुणाला एवढं लिहितोय म्हणून.

बैठक म्हणजे आम्ही तिघंच. तुझे-माझे कॉलेजचे सर, फौंड्रीत साचे भरणारे आमचे मोल्डर अण्णा आणि मी. अण्णांची शाळा सातवीत सुटली, त्यानंतरचं सगळं आयुष्य भट्टीशेजारी. संध्यामठ समोर दिसेल अशा कट्ट्यावर सहाला बसतो, भूक लागली की उठतो.

पहिल्या रविवारी सरांनी प्लेटोनं सांगितलेली एक गोष्ट काढली. थ्यूथ नावाचा देव अक्षरं शोधून काढतो आणि इजिप्तच्या राजाला म्हणतो, यानं लोकांची स्मरणशक्ती वाढेल. राजा म्हणतो, उलट, लोक विसरायला लागतील आणि ज्ञान नसताना ज्ञानी दिसतील. सॉक्रेटिसचंही गाऱ्हाणं तेच, की लिहिलेल्या शब्दाला काही विचारा, तो आपला तेच तेच सांगत राहतो. (त्यानं स्वतः एक ओळ लिहिली नाही. गाऱ्हाणं आपल्यापर्यंत आलं ते दुसऱ्यानं लिहून ठेवलं म्हणून!) सरांनी मोबाईल वर धरला, त्यात ते विचारलं की उत्तर देणारं एआय. म्हणाले, "हे गाऱ्हाणं आता मिटलं. शब्द उलट बोलायला लागला. आता काय म्हणायचं?"

अण्णा म्हणाले, "त्याला वाळू दाबायला सांगा की."

तुला माहीत नसेल, साच्याची वाळू मुठीत दाबतात आणि तो गोळा मोडून बघतात. कशी मोडते त्यावरून ओल कळते. ओल जास्त झाली तर तापलेलं मेटल ओतताना वाफ होते आणि कास्टिंगला भोकं पडतात. किती ओल हवी ते अण्णा सांगू शकत नाहीत, पण त्यांची मूठ चुकत नाही. सर म्हणाले, "हे कौशल्य झालं, ज्ञान नव्हे." अण्णा गप्प बसले.

मी दोघांच्याही विरुद्ध बोललो. ओल मोजायचं यंत्र आमच्याकडे आहे, ते आल्यापासून रिजेक्शन कमी झालंय, हे कसं नाकारू? मुठीचे गोडवे गायचे आणि पगार ठरवताना तिची किंमत शून्य धरायची, हा आम्हा मालक लोकांचा धंदा. बोलून गेलो आणि अण्णांकडे बघायची लाज वाटली. यंत्राच्या नावानं चालणाऱ्या गप्पा बऱ्याचदा पगारावर येऊन थांबतात, एवढं मात्र मला पटलंय.

दुसऱ्या एका रविवारी विषय निघाला, यंत्र 'ठरवतं' का? सर मोठमोठे शब्द वापरत होते. अण्णांनी मध्येच विचारलं, "राधानगरी धरणाचे दरवाजे आपोआप उघडतात. बटण कोण दाबत न्हाई. मग दरवाज्यानं ठरवलं म्हणायचं का?" सर म्हणाले, नाही, पाणी त्या पातळीला आलं की उघडतो इतकंच. "मग दरवाज्याला काय इचारताय? पातळी कुणी ठरवली त्येला इचारा." २०१९ च्या पुरात अण्णांच्या बहिणीचं घर पाण्यात होतं. पातळी हा त्यांच्यासाठी पुस्तकातला शब्द नाही. तू तिकडे कंपनीत जी सिस्टिम बनवतोस ना, कर्ज कुणाला द्यायचं ते सांगणारी, तिची आठवण झाली. तिची पातळी कोण ठरवतं रे? तू?

त्याच धरणावरून सर शाहू महाराजांवर आले. महाराजांनी काम सुरू केलं, १९२२ मध्ये ते गेले, आणि धरण पुरं व्हायला पुढं कित्येक वर्षं लागली. न जन्मलेल्यांसाठी ठरवणं म्हणजे संस्कृती, असं सरांचं म्हणणं. अण्णांचा प्रश्न लगेच, "ज्यांची शेतं बुडाली त्यांनी काय म्हणायचं?" त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. पाऊस आला, पळालो.

सरांचा आवडता किस्सा आइन्स्टाइन आणि टागोरांचा. जुलै १९३० मध्ये बर्लिनजवळच्या कापुथला दोघं भेटले. घरात कुणी नसलं तरी टेबल जागेवर असतंच, असं आइन्स्टाइनचं म्हणणं. माणसाशिवाय सत्य कसलं, असं टागोरांचं. शेवटपर्यंत जमलं नाही. मला यात फार मजा वाटत नव्हती, मागच्या महिन्यापर्यंत. मग एका रात्री मी त्या मोबाईलवाल्या यंत्राशी वाद घातला. मी म्हटलं, तू चुकलास. त्यानं लगेच माफी मागितली. मग म्हटलं, नाही, तूच बरोबर होतास. त्यावरही आभार! त्याला काहीच सोडायला लागलं नाही, की काही धरून ठेवायला. बायको म्हणाली, माझ्याशी असं कधी बोलला नाहीस.

मागच्या रविवारी अण्णांनी सरांना विचारलं, "एवढं वाचलंय तुम्ही, तुमचं मत शेवटचं कधी बदललं?" सर काही बोलले नाहीत. मला वाटलं, दुखावले.

आज ते काही पानांच्या झेरॉक्स घेऊन आले. मायकेल पोलान्यी नावाच्या तत्त्वज्ञाच्या पुस्तकातली, १९६६ ची. माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून जास्त त्याला कळत असतं, असा त्याचा मुद्दा. सर म्हणाले, "अण्णा, मी तुमच्या मुठीला कौशल्य म्हटलं, ज्ञान म्हटलं नाही. आठवडाभर डोक्यात होतं. वर्गात आयुष्यभर तसंच शिकवलं. चुकलो." अण्णा एवढे अवघडले की उठून भेळ आणायला गेले.

येताना माझ्याकडे बघून म्हणाले, "पुढच्या रविवारी तुमचा नंबर, मालक."

संज्या, तू मला पाचवीपासून ओळखतोस. माझं एखादं मत बदललेलं तुला आठवतंय का? शनिवारच्या आत कळव.

तुझा,
बाळू