आल्पच्या घाटात उभं राहायचंय

पुणे, फेब्रुवारी 2026

प्रिय सुन्या,

आईचे गुडघे कुरकुरतात, माझं बीपी गोळीवर आहे, बाकी सगळे मजेत. आता मुद्द्याचं.

टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा मार्ग जाहीर झाल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही. 24 आणि 25 जुलै, लागोपाठ दोन दिवस शर्यत आल्प्समधल्या आल्प द्युएझच्या घाटमाथ्यावर संपणार! शुक्रवारी गापहून निघून नेहमीच्या एकवीस वळणांनी वर. शनिवारी घाटाच्या पायथ्याच्या बूर द्वाझांहून निघून क्र्वा द फेर, तेलेग्राफ, गालिबिए हे घाट, आणि मागच्या अंगाने सारेनचा घाट चढून पुन्हा तिथेच. एका दिवसात 5,600 मीटर चढाई. हे वाचून अंगावर काटा येणारा माझ्या माहितीत तू एकटाच आहेस.

तेव्हा जायचं. यावर चर्चा नाही. चर्चा आहे ती उभं कुठे राहायचं यावर, आणि त्यानेच माझी झोप उडाली आहे.

तू फोनवर गालिबिए म्हणालास. मान्य, 2,642 मीटरवरचा घाट, यंदाच्या शर्यतीचा माथा. पण नकाशा उघड. गालिबिए गाठायचा तर मुक्काम वालवारला, म्हणजे डोंगराच्या पलीकडे. शुक्रवारी संध्याकाळी आल्पवरून हजारो माणसं एकाच रस्त्याने उतरणार, वर दुसऱ्या दिवसासाठी रस्ते पुन्हा बंद होणार. त्यात आपण रातोरात डोंगर ओलांडणार? दोन्ही हवं म्हटलं तर दोन्हीकडचं हुकेल. बूर द्वाझांतच तंबू ठोकला तर शुक्रवारी घाट चालत गाठता येईल आणि शनिवारी सकाळी शर्यत सुटताना समोरच दिसेल.

तू म्हणशील, हा पुन्हा स्वतःचंच घोडं दामटतोय. दामटतोय! 2001 साली याच घाटात आर्मस्ट्राँगने मागे वळून उल्रिककडे पाहिलं आणि निघून गेला, तेव्हापासून तू मला ऐकवत आलास. तुझ्या साहेबांची सातही जेतेपदं उत्तेजकांपायी 2012 मध्ये काढून घेतली, आणि माझ्या उल्रिकनेही पुढे उत्तेजकं घेतल्याचं कबूल केलं. हिशेब फिटला. आता निदान जागा मला निवडू दे.

वळणांचे आकडे वरून खाली येतात, 21 सगळ्यात खाली, आणि प्रत्येक वळणावर जुन्या विजेत्यांच्या नावाची पाटी. 1952 साली पहिल्यांदा तिथे इटलीचा कोप्पी जिंकला. सातव्या वळणावर डच लोकांचा नारिंगी धुमाकूळ असतो, तुला तोच आवडेल हे ठाऊक आहे, पण त्या गर्दीत आपल्याला फक्त पाठी दिसतील. माझं मन सोळाव्यावर बसलंय, ला गार्द गावाजवळ. एकूण 13.8 किलोमीटरचा चढ, सरासरी 8.1 टक्के, पण सुरुवातीचा तुकडा दहा टक्क्यांच्या घरातला. घोळका फुटायला लागतो तो तिथेच. पांतानीसारखा नामी चढाईबहाद्दर हा घाट साडेसदतीस मिनिटांच्या आसपास चढला, म्हणजे ताशी जेमतेम बावीस. सपाटीवर डोळ्यांसमोरून झुपकन जाणारी माणसं तिथे नीट पाहता येतात. शिवाय बूर द्वाझांहून ते वळण चालत जाण्यासारखं आहे, तुझ्या टाचेलाही झेपेल.

आणि एक अट. पुढचे गेले म्हणून निघायचं नाही. स्प्रिंटर मंडळी, म्हणजे सपाटीवर सुसाट पण चढात जड, मागून एकत्र येतात, वेळेची मर्यादा गाठण्यासाठी. शेवटचा सायकलस्वार आणि त्यामागची गाडी जाईपर्यंत थांबायचं. मुंबई-पुणे शर्यतीत आपण बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी उभे होतो ते आठवतं? घाटाचा राजा कोण झाला ते आज सांगता येणार नाही. पण सगळ्यात मागचा तो पोरगा अजून दिसतो. नाकाच्या शेंड्यावरून घाम थेट सायकलच्या नळीवर ठिबकत होता, चेन दर फेऱ्याला कटकट वाजत होती, आणि तू बाटली त्याच्या मानेवर रिकामी केलीस तेव्हा त्याने वर न बघता नुसती मान हलवली. मी शर्यत बघायला लागलो ती त्याच्यामुळे. गेल्या महिन्यात पुण्यात ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली तेव्हाही मी शेवटपर्यंत कठड्याला चिकटून होतो.

व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे आता करता येईल. तुला जर्मनीतून त्याची गरजच नाही. तू श्टुटगार्टहून गाडी आण, मी ग्रनोबलपर्यंत रेल्वेने येतो, तिथून उचल. बुधवारीच पोचू, नंतर रस्ते कधी बंद करतील भरवसा नाही. दिवसभर ऊन आणि संध्याकाळी डोंगरातला पाऊस, त्यामुळे तंबू चांगला घे, मागच्यासारखा गळका नको. मी थालीपीठाची भाजणी आणतो.

वहिनींची नवी नोकरी रुळली का? लेकीचं शाळेचं नाटक कसं झालं? सविस्तर कळव.

पण आधी कॅम्पिंगवाल्यांना फोन कर. तुला जर्मन येतं, फ्रेंचचेही चार शब्द येतात, मला दोन्ही येत नाही. खोल्या शोधू नकोस, मी खालपासून वरपर्यंत पाहिल्या, एकही शिल्लक नाही. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मिळाले तरी चालेल, बुधवारची रात्र गाडीत काढू. जागा मिळाली की लगेच कळव, मग मी विमानाचं तिकीट काढतो.

तुझा,
दिल्या