रॉकमन वाजला!

पुणे, रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला. कारण आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. काल रात्री पावणेबाराला रॉकमन, म्हणजे हेडफोनवर गिटार ऐकायचा छोटा अँप्लिफायर (अँप), वाजला! बाबा शेजारच्या खोलीत झोपले होते आणि मी हेडफोन लावून तासभर वाजवत बसलो.

हॉस्टेलवर तुझ्या वॉकमनवर डेफ लेपर्ड या रॉक बँडची ‘हिस्टेरिया’ ऐकताना आपण किती भांडायचो, आठवतं? गिटार इतकी स्वच्छ आणि तरीही इतकी भरदार कशी? तू म्हणायचास, मोठमोठे अँप रचले असणार. १९८७ च्या त्या अल्बमसाठी गिटारी वाजल्या त्या रॉकमनच्या, कमरेला अडकवायच्या या डबीतून! बोस्टन बँडच्या टॉम शोल्झने ती १९८२ मध्ये काढली. एमआयटीचा मेकॅनिकल इंजिनिअर, पोलरॉइडमध्ये नोकरी करता करता घराच्या तळघरात रेकॉर्डिंग करणारा माणूस. आठ पेन्सिल सेलवर कॉम्प्रेसर, डिस्टॉर्शन, कोरस, एको, सगळं. जुना चालू पीस मला कुठे मिळेना, म्हणून सर्किट समोर ठेवून स्वतःच बांधायला घेतला.

डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारा भाग, दोन दिवसांत झालं. पण तेवढंच हेडफोनला जोडलं तर कानाशी डास घोंघावल्यासारखं. गिटारचा स्पीकर पाचेक किलोहर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर सोडतच नाही, हेडफोन मात्र सगळं ऐकवतो. आपण ज्याला अँपचा आवाज म्हणतो, त्यात त्या कागदी शंकूचा केवढा वाटा आहे बघ! शोल्झने त्या शंकूचं काम डिस्टॉर्शननंतरच्या, वरचे सूर कापणाऱ्या फिल्टरांत बसवलं. मला तर सगळ्या सर्किटचा जीव तिथेच आहे असं वाटतं.

तो फिल्टर लावला आणि आवाज गोधडीखालून यायला लागला. तीन रात्री गेल्या. ओपॅम्प (सिग्नल वाढवणाऱ्या चिपा) बदलले, सगळे जोड पुन्हा सोल्डर केले. शेवटी भिंग घेऊन एकेक कपॅसिटर वाचत गेलो. एकावर ४७२ हवं तिथे ४७३! म्हणजे ४.७ नॅनोफॅरडच्या जागी ४७. मी सोबत ६.८ किलोओहमचा रेझिस्टर घेतला होता, त्यामुळे ५ किलोहर्ट्झला सुरू व्हायची उतरण ५०० हर्ट्झलाच सुरू होत होती. तो मसुराएवढा तुकडा उपसून दुसरा लावला, ई मायनर कॉर्ड छेडला, आणि अरे, तोच आवाज! डोळ्यांत पाणी आलं.

कोरस मात्र अडलाय. त्यासाठी एमएन ३००७ नावाची चिप लावायची आहे. आग विझवताना रांगेतली माणसं बादल्या पुढे देतात, तसा ही चिप सिग्नल १०२४ कप्प्यांतून पुढे सरकवते. क्लॉकचा वेग कमीजास्त केला की उशीर कमीजास्त होतो, आणि मूळ सुरात तो मिसळला की एका गिटारीच्या दोन झाल्यासारख्या वाटतात. मूळ चिपचं उत्पादन कधीच बंद झालंय. मागवलेली आली, तिच्यावर अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला तर नंबर पुसला गेला आणि खाली दुसराच निघाला, म्हणजे बनावट!

तुझ्याकडे पुरात भिजलेलं ते कोरस पेडल अजून आहे का? मागचे चार स्क्रू काढून आत बघ ना. एमएन ३००७ दिसली तर स्वतः काढू नकोस, पाय तुटतील. पेडल तसंच घेऊन ये. गिटारही आण. हेडफोन दोन आहेत.

तुझाच,
अन्या