आमच्या दाराला तोरण बांधणाऱ्या गोव्याच्या पोरास

प्रिय बाळा,

तुझं नाव इथे लिहीत नाही. तू अजून बोटीवर आहेस, नोकरी कंपनीची आहे, आणि चारचौघांत नाव घेतलेलं तुला आवडत नाही हे मला २२ दिवसांत कळलं. पण हे पत्र तुझ्यापर्यंत पोचलं तर तुला लगेच ओळख पटेल. डाव्या अंगाच्या लांब बोळातली खोली, विसराळू मास्तर आणि त्यांची वेंगुर्ल्याची बायको.

डोंबिवलीला परत येऊन पाच आठवडे झाले. रोज लिहायला बसते, दोन ओळी होतात, डोळे भरून येतात आणि कागद बाजूला राहतो. आज पुरं करणार आहे.

ह्यांची गोष्ट तुला तुकड्या-तुकड्यांनी माहीत आहे, आज सलग सांगते. ह्यांनी ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आंतरराष्ट्रीय वाररेषा हा त्यांचा लाडका धडा. समोर नकाशा न घेता फळ्यावर अख्खा प्रशांत महासागर काढायचे आणि मग १८० अंश रेखावृत्ताच्या आजूबाजूने ती नागमोडी रेघ. रशियाचं टोक एका बाजूला राहावं म्हणून वर बेरिंगच्या सामुद्रधुनीत पूर्वेकडे, मग अल्यूशियन बेटांसाठी पश्चिमेकडे, खाली फिजी आणि टोंगासाठी पुन्हा पूर्वेकडे. १९९५ साली किरिबाती देशानं ही रेषा आपल्या पूर्वेकडच्या बेटांपलीकडे नेली, तेव्हा ह्यांनी शाळेचा भिंतीवरचा नकाशा खाली उतरवून त्यावर लाल पेनानं दुरुस्ती केली होती. मुख्याध्यापक रागावले, पण ह्यांनी ऐकलं नाही. निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, ही रेषा एकदा बोटीनं ओलांडायची. विमानानं नको, विमानात रेषा झोपेत निघून जाते.

मग तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी निदान सांगितलं, स्मृतिभ्रंश. आधी चष्मा, चाव्या. मग माणसांची नावं. आता जागा.

आमची लेक सिडनीला आणि मुलगा व्हँकुव्हरला. ऑस्ट्रेलियातला उन्हाळा सरला की तिथल्या काही बोटी अलास्काच्या हंगामासाठी उत्तरेकडे निघतात. तसली एक बोट लेकीला सापडली. सिडनीहून ऑकलंड, फिजीतलं सुवा, होनोलुलू आणि व्हँकुव्हर. लेकीच्या घरून निघून मुलाच्या घरी पोचायचं आणि वाटेत वाररेषा. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

पण तुला हे सांगायला हवं की मी त्या बोटीवर पाय ठेवला तो धास्तावलेल्या मनानं. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका पर्यटन कंपनीबरोबर युरोपला गेलो होतो, आपलीच मराठी माणसं, चाळीसजणांचा ग्रुप. महामार्गावरच्या एका थांब्यावर हे स्वच्छतागृहातून बाहेर आले ते दुसऱ्या दरवाज्यानं, आणि चुकले. बसला थोडा वेळ थांबावं लागलं. बसमध्ये चढलो तर सहल व्यवस्थापकानं माइक हातात घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "काकू, काकांच्या गळ्यात नावाची पाटी अडकवा. आणि पुढच्या वेळी घरीच ठेवा." बसमधले काही जण हसले. हे खिडकीशी बसून माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं. विसर पडतो म्हणजे अपमान कळत नाही असं लोकांना का वाटतं?

ह्या बोटीचं तिकीट काढताना इथल्या एका दलालानंही तेच केलं. आजार सांगितल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "असे पेशंट कशाला फिरवता?" साठी उलटलेल्यांपैकी असे "पेशंट" आपल्या देशात ८८ लाखांच्या घरात असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एवढ्या माणसांनी मरेपर्यंत गॅलरीत बसून रस्ता बघायचा का? शेवटी तिकीट लेकीनंच तिकडून काढलं.

आता बोटीची तिसरी रात्र. तास्मान समुद्र खवळलेला होता, मला मळमळत होतं, गोळी घेऊन मी पडले आणि डोळा लागला. हे चहा आणायला म्हणून एकटेच बाहेर पडले. तुमच्या त्या बोळात दारंच दारं. सगळी एका रंगाची, एका मापाची, दोन्ही बाजूंना, टोक दिसत नाही इतक्या लांबवर. ह्यांना आयुष्यभर दिशा कळली ती सूर्यावरून. त्या बोळात ना खिडकी, ना सूर्य. भलत्याच दाराच्या कडीला ह्यांनी हात घातला, आतली बाई ओरडली. सुरक्षेचे दोघं जण ह्यांना दोन्ही दंडांना धरून घेऊन आले. त्या दोघांना मी दोष देत नाही, त्यांचं ते कामच. पण दार उघडल्यावर हे मला म्हणाले, "मी चोर नाही गं." त्या रात्री मी ठरवलं की उरलेले सगळे दिवस खोलीला आतून कडी, आणि ऑकलंडला उतरून लेकीला फोन करायचा की आम्ही परत येतो.

पहाटे हे झोपलेले असताना तू खोली आवरायच्या गाडीपाशी उभा होतास. तुझ्या कानावर गेलंच असणार. तू रात्रीबद्दल एक शब्द काढला नाहीस. एवढंच विचारलंस, "आंटी, तुमच्या घराच्या दाराला काय असतं?" मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, काय असणार, तोरण. झेंडूचं, दसऱ्याला ताजं, एरवी कापडी. "मास्तर ते ओळखतात?" मी म्हटलं, ते कसं विसरतील?

जेवून वर आलो तर दारावर तोरण होतं. जेवणघरातले केशरी आणि पिवळे कागदी रुमाल चुण्या घालून, मधे दोऱ्यानं आवळून फुलवलेले. अठरा झेंडू. मी मोजले. मधे मधे हिरव्या कागदाची आंब्याची पानं. बोटीची दारं लोखंडी, म्हणून वरच्या चौकटीला चार लोहचुंबक लावून त्यांना दोरा बांधलेला. वरिष्ठांना विचारून घेतलं होतंस हेही नंतर कळलं. दुपारी तुम्हांला पाठ टेकायला दोन तास मिळतात, ते तू ह्यात घातलेस. तुमच्या वाड्यावरच्या हिंदू शेजाऱ्यांच्या दारावर लहानपणी बघितलं होतं, तेवढ्या आठवणीवर केलंस. पानं उलटी लागली होती, देठ खाली. मी ती तशीच ठेवली, अजून तशीच आहेत.

पण मला आभार मानायचे आहेत ते त्याच्याही पुढच्या गोष्टीचे.

दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, मी चहा घेऊन येतो. माझा जीव खालीवर. मी जाऊ दिलं आणि मागोमाग दाराच्या फटीशी उभी राहिले. बऱ्याच वेळानं बोळाच्या टोकाला दिसले, हातात कप, दुसरा हात भिंतीच्या कठड्यावर. एक दार बघितलं, पुढे आले. दुसरं बघितलं. थांबले. चेहरा तसाच होऊ लागला, हरवतानाचा, जो मला आता लांबूनही ओळखता येतो. मी बाहेर धावणार, तेवढ्यात मला पलीकडे तू दिसलास. गाडीशी टॉवेलांच्या घड्या घालत होतास. तू त्यांना बघत होतास आणि जागचा हलला नाहीस. मला हातानं खूण केलीस, थांबा. चार पावलं पुढे येऊन ह्यांनी मान वर केली आणि केशरी रंग दिसला. खांदे खाली आले. सावकाश चालत आले, तोरणाला बोट लावलं आणि कप न सांडता आत आले. मागून तुझा आवाज आला, घर सापडलं का म्हणून, "मास्तर, घर मेळ्ळें?" आणि हे वळून म्हणाले, "मेळ्ळें!"

बाळा, तीन वर्षांत ह्यांना हात धरून नेणारे पुष्कळ भेटले. मीसुद्धा त्यांतलीच. डॉक्टर माझ्याशी बोलतात, रिक्षावाला पत्ता मला विचारतो, नातेवाईक ह्यांच्यासमोर मला विचारतात, "आता ओळखतात का?" तुला त्या क्षणी दहा पावलं चालून त्यांचा दंड धरणं किती सोपं होतं. तू धरला नाहीस. ह्यांचं घर ह्यांना स्वतः सापडू दिलंस. त्या माइकवाल्यानं ह्यांच्या गळ्यात पाटी अडकवायला सांगितली होती. तू पाटी दाराला लावलीस, आणि तीही फुलांची. हा फरक मला कुणी शिकवला नव्हता. माझ्या लेकाच्या वयाच्या मुलाकडून मी तो शिकले.

ऑकलंडहून मी लेकीला फोन केला, पण परत येतो म्हणून नाही. पुढचा प्रवास ह्यांनी केला तसा मी त्यांना गेल्या तीन वर्षांत काही करताना पाहिलं नाही. सुवाच्या भाजीबाजारात फिजी हिंदी बोलणाऱ्या एका बाईंशी ह्यांनी अळूच्या कांद्यांवरून गप्पा मारल्या आणि बाहेर आल्यावर मला गिरमिटियांचा, म्हणजे करारावर तिथं नेलेल्या आपल्या मजुरांचा, अख्खा इतिहास सांगितला, १८७९ साली पहिली बोट आली तिथपासून. जुनं सगळं जागच्या जागी होतं.

आणि मग वाररेषा. सुवा सोडल्यावर कप्तानानं सांगितलं की उद्या पुन्हा मंगळवारच आहे. तू खोली आवरायला आलास आणि दारात उभा राहून विचारलंस, "मास्तर, दोन मंगळवार कसे?" तू किती वेळा ही रेषा ओलांडली असशील! तरी विचारलंस. ह्यांनी टोपलीतलं संत्रं उचललं, पेनानं त्यावर रेघा ओढल्या आणि ताठ उभे राहून शिकवायला लागले. पृथ्वी ३६० अंश, दिवसाचे तास २४, तासाला १५ अंश. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना तोच वार पुन्हा धरायचा, उलट जाताना एक वार पुढचा. सामोआनं २०११ साली बाजू बदलली तेव्हा तिथं ३० डिसेंबर उजाडलाच नाही, आणि शेजारचा अमेरिकन सामोआ मात्र अजून कालच्या वारात आहे, हेही सांगितलं. हा आवाज मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून ऐकायचे, नव्यानं लग्न झालं होतं तेव्हा.

दुसऱ्या मंगळवारी सकाळी ह्यांना आदल्या मंगळवारचं काही आठवत नव्हतं. तुला बघून म्हणाले, "तुला वाररेषा माहीत आहे का रे?" तू हातातली चादर खाली ठेवलीस आणि म्हणालास, "ना मास्तर, सांगा." आणि तो सगळा धडा, दुसरं संत्रं, पुन्हा पहिल्यापासून, पापणी न हलवता ऐकलास. तुला अजून कितीतरी खोल्या आवरायच्या होत्या. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले, तेव्हा दुःखानं रडत नव्हते एवढं तुला सांगायचं राहिलं होतं.

तुझ्या घरचं तू फार बोलला नाहीस. एकदा सांगितलंस की बापूसही तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे, आजोबाही तारवटी, मुंबईला धोबीतलावच्या कुडीत, गोवेकरांच्या त्या सामाईक बिऱ्हाडात, राहून बोटीची वाट बघणारे. आणि एकदा, होनोलुलूनंतर, हातातलं काम न थांबवता म्हणालास की तुझी आजी शेवटी घर विसरली होती, आपल्याच घराच्या बाल्कांवावर बसून "म्हाका घरा व्हर", मला घरी ने, म्हणायची, आणि तू तेव्हा दुसऱ्या समुद्रावर होतास. तुझ्या मुलीला तू पाच महिने बघितलं नव्हतंस. आठवड्याला एकही पूर्ण सुट्टी नाही. असं असताना परक्या म्हाताऱ्यासाठी दोरा-रुमाल घेऊन बसायचं तुला सुचलं कसं, ह्याचा मी अजून विचार करते. ज्या माणसांना आम्ही भरपूर पैसे मोजले, ज्यांच्या जाहिरातीत "कुटुंबासारखी काळजी" लिहिलेलं होतं, त्यांना ते सुचलं नाही. भाषा त्यांची-आमची एकच होती. तुझ्याशी मी अर्धं मालवणीत, अर्धं हिंदीत बोलत होते आणि एकही गोष्ट दोनदा सांगावी लागली नाही.

व्हँकुव्हरला उतरताना गडबड झाली, सामान, रांगा, तुम्हांला लगेच पुढच्या लोकांच्या खोल्या तयार करायच्या होत्या. मी तुला नीट भेटू शकले नाही. घाईत नुसतं "देव बरें करूं" म्हटलं आणि तू हसून पुढच्या खोलीत गेलास. तेवढ्यावर माझं समाधान झालेलं नाही.

तोरण मी सोडवून खोक्यातून इथे आणलं. आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्याला चार दारं, सगळी सारखी, बिल्डरनं एकदम घेतलेली. हे पूर्वी दोनदा तिसऱ्या मजल्यावर जाऊन घंटा वाजवून आले आहेत. आता तोरण दाराला आहे. पावसाच्या दमटपणानं कागद मऊ पडायला लागला म्हणून तसंच एक कापडाचं शिवते आहे, अठराच झेंडू आणि पानं उलटी.

करार संपून घरी आलास की बायकोला आणि लेकीला घेऊन डोंबिवलीला ये. मडगावहून गाडीनं रात्रीत पोचशील. सुरमईची कढी करीन, सोलं घालून, माहेरच्या पद्धतीची. मास्तर तुला नावानं ओळखतील असं मी सांगू शकत नाही. पण वाररेषा नक्की शिकवतील, तुझ्या लेकीलाही. स्टेशनवरून फोन कर. दुसरा मजला. दार तुला ओळखू येईल.

तुझी,
मास्तरांची बायको