मालवणी कळणारी बाई होती म्हणून पोर घरी आला

संपादक महोदय,
स.न. कालच्या अंकात हरवलेल्या मुलांच्या पोर्टलचं कौतुक वाचलं आणि रात्रभर डोळा लागला नाही म्हणून लिहितोय. ट्रॅकचाइल्ड आलं, २०१५ ला खोया-पाया आलं, आता मिशन वात्सल्य आहे, सगळं मान्य. पण त्यात माहिती भरणारा काय विचारतो आणि काय गाळतो हे कोण बघणार?

२०१९ च्या चतुर्थीत कुडाळ स्टेशनच्या गर्दीत माझ्या पुतण्याचा हात सुटला आणि तो भलत्याच गाडीत चढला. वय १०, बोलताना अडखळतो. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, दोन दिवस वाट बघा, येईल. अहो, मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच सांगितलंय! तिसऱ्या दिवशी नोंद झाली ती पण शाळेतलं नाव, उंची आणि शर्टाचा रंग, बस. घरी त्याला बाबू म्हणतात, उजव्या तळव्यावर आडाळ्याने (विळीने) कापल्याची खूण आहे, वहिनी रडत रडत दोनदा सांगत होती, पण लिहिलं नाही ते नाहीच.

आणि तो होता कर्नाटकातल्या एका बालगृहात. तिथे त्याने नाव सांगितलं बाबू आणि गाव खालचीवाडी. आता खालचीवाडी आपल्याकडे किती गावांत आहे ते तुम्हीच सांगा. १७ दिवस गेले. तिथे जेवण बनवणाऱ्या बाई वेंगुर्ल्याकडच्या, त्यांनी रात्री त्याला "माका घराक जावचा आसा" म्हणत रडताना ऐकलं, जवळ घेऊन मालवणीत विचारलं, त्याने हळूहळू देवळाचं नाव सांगितलं, मग त्यांनी माहेरी फोन लावला आणि तिथून निरोप आमच्यापर्यंत आला. वहिनी अजून दर चतुर्थीला त्यांना करंज्या पाठवते.

म्हणून सांगतो, घरातलं नाव, वाडी, देऊळ, बोलीभाषा, अंगावरची खूण हे पहिल्याच दिवशी विचारा आणि लिहा. मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ नंबर तरी प्रत्येक रेल्वे प्लॅटफॉर्मवर मोठ्या अक्षरात मराठीत लावा.

आणखी एक. तो सापडल्यावर तुमच्या पेपरने त्याचा फोटो, नाव आणि शाळा छापली होती, ती बातमी तुमच्या वेबसाइटवर अजून आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख छापता येत नाही. आता तो कॉलेजला जातोय, मुलं ती बातमी मोबाइलवर काढून त्याला चिडवतात. दोन ईमेल केले, उत्तर नाही. ती बातमी तेवढी काढा.

एक वाचक, ता. कुडाळ